हसायची चोरी

“ऊठ रे हितेंद्र! नऊ वाजले. लोकाची पोरं ड्यूटीवर पोचली अन् तू अजून लोळूच राह्यला!”

यावलच्या कौतिक आबांच्या घरात दिवस असा उजाडायचा. अशी हाक आपल्यातल्या कितीतरी घरांत रोज ऐकू येते. पोरगा झोपतो म्हणजे तो आळशी, एवढ्यावर आपण थांबतो. पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.

एकोणतीस वर्षांचा हितेंद्र आळशी नव्हता. तो स्टँड-अप कॉमेडी करायचा. आज जळगावला एखाद्या कॉलेजचं संमेलन, उद्या भुसावळला कुणाच्या हळदीचा कार्यक्रम. मिळेल ते काम घ्यायचा आणि एसटीने जायचा. पण वयाच्या विसाव्या वर्षापासून बसमध्ये डोळा लागला की उतरायचा थांबा हमखास चुकायचा. जेवताना हातात घास तसाच राहून झोप लागायची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मनापासून हसू आलं की त्याचे गुडघे एकदम ढिले पडायचे. तो मटकन खाली बसायचा. म्हणून त्याने हसणंच सोडलं होतं. तो गंभीर चेहऱ्याने विनोद सांगतो, ही त्याची स्टाईल आहे, असं लोक म्हणायचे. खरं काय ते त्यालाच ठाऊक!

त्याचा साखरपुडा झाला आणि महिन्याभरातच जळगावच्या एका डॉक्टरांनी तपासण्या करून त्याला आजाराचं नाव सांगितलं. नार्कोलेप्सी. “मेंदूचं झोपेवरचं नियंत्रण बिघडलंय. हसल्यावर अंगातली ताकद जाते, तेही यातूनच. शुद्ध मात्र हरपत नाही. आजार पूर्ण जात नाही, पण नियमित गोळ्या घेतल्या, दिवसा ठरावीक वेळी थोडी झोप घेतली, तर छान जगता येईल.”

हितेंद्रला रडूच आलं. नऊ वर्षं तो स्वतःलाच दोष देत होता!

पण परतीच्या बसमध्ये सोबत आलेले आबा कानाशी लागून म्हणाले, “हे नाव आता तोंडातून काढू नको. सोयरीक मोडंल. लगन लागू दे, मंग पाहू. गोळ्या बी कोनाले दिसू देऊ नको.”

त्या दिवसापासून तो दोन्ही बाजूंनी कोंडला गेला. घरी पाहुणे असले की गोळी चुकायची. दुपारी पडलं की बोलणी बसायची. आणि धुळ्याला होती त्याची होणारी बायको, डिंपल.

डिंपल एका पतसंस्थेत काम करायची. बोलायला लागली की समोरच्याची हसून पुरेवाट व्हायची. ती साहेबांची नक्कल करायची, गिऱ्हाइकांची नक्कल करायची. हितेंद्रला ती आवडली होती ती यासाठीच आणि तिची धास्ती बसली होती तीही यासाठीच! ती रंगात आली की त्याचा जबडा सैल पडू लागायचा, मान लुळी व्हायची. मग तो फोन कापायचा. धुळ्याला दोघं भेटले तर तो बोलता बोलता उठून भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.

एकदा ती म्हणालीच, “मी एवढी कंटाळवाणी आहे का हो? मी बोलते आणि तुम्ही उठून जाता. परवा फोनवर तर चक्क झोपलात. मी नको असेन तर आत्ताच सांगा.”

“तसं नाही गं. जागरण झालं होतं.”

तिने पर्स उचलली आणि ती निघाली. परतताना त्याला वाटलं, ही आता लग्नाला नाही म्हणणार. आणि खरं सांगितलं तरी नाहीच म्हणणार. मग बोलायचं तरी काय?

जानेवारीत धुळ्याच्या एका कॉलेजात भरदुपारी त्याचा कार्यक्रम होता. डिंपल आली होती. सोबत तिच्या आत्या प्रमिलाबाई होत्या. त्या निवृत्त नर्स. तीन दिवस घरात पाहुण्यांची गर्दी होती, त्यामुळे हितेंद्रच्या गोळ्या चुकल्या होत्या.

कार्यक्रम रंगला. तो म्हणाला, “मुलीकडच्यांनी विचारलं, मुलगा काय करतो? आबा म्हणाले, बोलतो. ते म्हणाले, हात्तिच्या! ते तर आमची मुलगी फुकटात करते!”

हशा पिकला. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून डिंपल ओरडली, “फुकट लग्नापर्यंतच! पुढे मीटर सुरू!”

सगळं सभागृह उसळलं आणि हितेंद्रला हसू आवरलं नाही. गुडघे गेले, हातातून माईक निसटला, तो स्टेजवर कोसळला.

गाल फळीला चिकटलेला. त्याला सगळं ऐकू येत होतं, पण बोट हलत नव्हतं. लोकांना वाटलं, हाही विनोदच. टाळ्या पडल्या. मग कोणीतरी ओरडलं, “पीसन उना वाटस रे हाऊ!” पुन्हा हशा झाला. मोबाईल वर झाले. मी प्यायलेलो नाही, असं त्याला ओरडून सांगायचं होतं. पण तो स्वतःच्याच शरीरात बंद होता!

“बाजूला व्हा!” प्रमिलाबाई स्टेजवर चढल्या. त्यांनी नाडी धरली. “तोंडाला कसलाही वास नाही. पापण्या हलताहेत. हा ऐकतोय आपलं. हसू नका रे, माणूस आजारी आहे!”

दोन मिनिटांनी त्याला उठता आलं. डिंपल आणि प्रमिलाबाईंनी त्याला स्टाफरूममध्ये नेलं, तोवर व्हिडिओ यावलला पोचला होता. आबांचा फोन आला, “उपास होता, चक्कर आली म्हन!”

त्याने फोन ठेवला. “उपास होता,” तो डिंपलला म्हणाला.

“तासाभरापूर्वी तुम्ही माझ्यासमोर दोन समोसे खाल्ले.”

हितेंद्रने मान खाली घातली. आणि मग नऊ वर्षांचं सगळं एका दमात सांगून टाकलं. डॉक्टर, गोळ्या, आबांची ताकीद, सगळं.

डिंपल त्याच्याकडे वळली. “म्हणजे तुम्ही उठून जायचात ते...”

“तू हसवायचीस म्हणून.”

“आणि इतके महिने मी स्वतःलाच कंटाळवाणी समजत राहिले!” ती उठून उभी राहिली. “आजाराचा राग नाही मला. तुम्ही मला अंधारात ठेवलंत, त्याचा आहे!”

 हितेंद्रचा फोन पुन्हा वाजला. या वेळी तो प्रमिलाबाईंनी घेतला आणि स्पीकर लावला.

“कौतिकभाऊ, साखरपुड्यात तुम्ही चारचौघांत बिनसाखरेचा चहा मागितलात. शुगर आहे ना तुम्हाला?”

“हाय ना अक्का. मंग त्यात काय लाज?”

“तेच विचारते. तुमच्या आजाराची लाज नाही, मग पोराच्या आजाराची कशी? साखर रक्तात वाढली तर तो आजार, आणि झोप मेंदूत बिघडली तर तो आळस? आज लोक त्याला दारुडा म्हणाले. खरं आधीच सांगितलं असतं, तर चार माणसं त्याला सावरायला धावली असती. आणि आमच्या पोरीला फसवून तुम्ही सोयरीक किती दिवस टिकवणार होता?”

 पलीकडून आबांचा स्वर आला, कधी नव्हे इतका बारीक. “चुकलं अक्का. नऊ वर्सं मी त्याले शिव्या देल्या. दवा द्यायची सोडून शिव्या देल्या!”

हितेंद्रने ओठ घट्ट मिटून घेतले. वडिलांना रडताना तो पहिल्यांदाच ऐकत होता.

लग्नाची तारीख पुढे गेली. डिंपलचे वडील आजही पूर्ण राजी नाहीत. पण डिंपल त्याच्यासोबत जळगावला गेली, डॉक्टरांना तासभर प्रश्न विचारले आणि बाहेर येऊन म्हणाली, “लग्नाचं मी ठरवेन, पण सगळं माहीत असताना ठरवेन. एवढा हक्क मला हवा.”

“तो तुझाच आहे,” हितेंद्र म्हणाला. कितीतरी महिन्यांनी त्याची छाती मोकळी झाली.

वाचकहो, आपल्याही घरात, शेजारी, ऑफिसात कोणी असं सतत झोपत असेल, कोणी उभ्या उभ्या कोसळत असेल. त्याला आळशी, दारुडा ठरवण्याआधी एकदा डॉक्टरकडे न्या. आणि लग्न जमवताना आजार झाकू नका. झाकलेल्या आजारापायी एक माणूस आतून घुसमटतो आणि दुसरा फसतो. आजार होणं हा गुन्हा नाही. त्याची लाज वाटायला लावणं, हा मात्र आपला सगळ्यांचा गुन्हा आहे!