नावं काढणारी पेटी

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी पेटी आहे. ओहायोतल्या एका छोट्या कॉलेजच्या सुताराने मला अक्रोडाच्या लाकडातून घडवलं, ते प्रोफेसर एल्डन व्हिटलॉक यांच्यासाठी. पदवीच्या मुलांना ते अमेरिकेचा कायदा आणि राज्यघटना शिकवत. माझ्या पोटात वर्गातल्या प्रत्येकाच्या नावाचं कार्ड असे. सर डोळे मिटून हात घालत आणि ज्याचं नाव निघेल त्याने उभं राहून त्या दिवशी अभ्यासाला दिलेला कोर्टाचा खटला मांडायचा. सिनेटरचा मुलगा असो की खानावळीत ताटं विसळणारा, माझ्यापुढे सगळे सारखे. याचा मला भारी तोरा होता. कुणी वशिला लावू पाहिला की सर म्हणत, "बाबा रे, ही पेटी माझ्या बापाचंही ऐकत नाही."

एका वर्षी वर्गात ट्वायला बर्डेट होती. खाणकामगाराची पोर, घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. वकील व्हायचं, एवढं एकच तिच्या डोक्यात. एका मंगळवारी ती तासाच्या आधीच टेबलाशी आली. डोळे सुजलेले होते.

"सर, आज तेवढं मला उठवू नका."

"का, अभ्यास नाही झाला?"

"झालाय. सगळं पाठ आहे. पण आज नको."

सरांनी पुढे काही विचारलं नाही. "आज तुला सोडलं तर उद्या कुणाकुणाला सोडू? आणि चाळीस कार्डं आहेत, तुझंच कशाला निघेल?"

निघालं तिचंच.

विषय होता पोलिसांपुढे गप्प राहण्याचा हक्क. ट्वायला उभी राहिली, पण तोंडातून शब्द फुटेना. मागून कुणीतरी म्हणालं, "हक्क बजावतेय वाटतं." वर्ग खो खो हसला. सरही हसले आणि वर म्हणाले, "कोर्टात चालतं ते, मॅडम. इथे शून्य मिळतं." तिने दप्तर उचललं आणि ती निघून गेली.

चार दिवसांनी सरांना कळलं. त्या मंगळवारच्या आदल्याच दिवशी तिच्या धाकट्या भावाला पोलिसांनी चोरीच्या आळावरून पकडलं होतं. घाबरलेल्या पोराने वकील न मागताच, पुढे केलेल्या कबुलीच्या कागदावर सही केली होती.

सर वसतिगृहाकडे धावले. खोली रिकामी होती. त्यांनी तीन पत्रं लिहिली, उत्तर एकच आलं. "सर, तुमचा काय दोष? पेटीतून नाव निघालं, एवढंच." ती परत आली नाही, वकीलही झाली नाही.

पत्र हातात धरून सरांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "पेटीला कुठे सांगितलं होतंस गं? मला सांगितलं होतंस."

त्यानंतर त्यांनी माझ्यात कधी हात घातला नाही. फळीवर पडून माझा तोरा केव्हाच उतरला. मित्रांनो, नियम सगळ्यांना सारखा असावाच. पण कुणी हलक्या आवाजात "आज नको" म्हणालं, तर माझ्यासारख्या लाकडाच्या आड लपू नका. तिथल्या तिथे विचारा, "का गं, काय झालं?"