रिकामा पाय

"काका, पाय उचललात, पण वजन अजून त्याच पायावर आहे."

गुणाजी जागच्या जागी हेलपाटला. मागे उभ्या असलेल्या लवूने त्याचा दंड धरला आणि बाकीच्यांकडे बघून म्हणाला, "न पिता झुलता, बघा!"

घोडपदेवच्या मैदानाच्या कोपऱ्यात सकाळी साडेसहाला सात म्हातारे जमत. त्यांना ताय-ची शिकवणारी अनुजा सव्वीस वर्षांची होती, फिजिओथेरपी शिकलेली. लवू त्याला चिनी कवायत म्हणायचा. मिलमधला जुना सोबती गुणाजी, त्यालाही त्यानेच ओढून आणलं होतं.

"एका कपातला चहा दुसऱ्या कपात ओततो ना, तसं करायचं," अनुजा म्हणाली. "सगळं वजन सावकाश उजव्या पायात. डावा पूर्ण रिकामा झाला की मगच तो उचलायचा. सांडायचं नाही."

तिने मोबाइलवर वेळ लावली. एका पायावर गुणाजी तीन सेकंद उभा राहिला.

"दहा हवेत."

"दिवाळीपर्यंत होतील?"

"दिवाळीच का?"

गुणाजीने भुवईवरच्या टाक्यांना हात लावला. बायको, गंगूबाई, दोन वर्षं खाटेवर होती. तिची उजवी बाजू लुळी पडली होती. तिचं सगळं तोच करायचा, आणि श्रावणापासून तो घरातच दोनदा पडला होता. मुलगा राजेश डोंबिवलीहून आला तो बदलापूरच्या एका शुश्रूषागृहाचं पत्रक घेऊनच. आईला तिथे ठेवू, म्हणाला. तुम्ही तिला धरून पडलात तर काय करायचं? शेवटी ठरलं ते एवढंच, की दिवाळीपर्यंत बाबा पडले नाहीत तर आई घरीच.

अनुजाने ऐकून घेतलं. मग विचारलं, "पडलात कसे? नेमकं सांगा. पाय कशात अडकला? चक्कर आली?"

"काय नाय. खुर्चीवर लसूण सोलत होतो. उठलो नि पडलो."

"आणि दुसऱ्यांदा?"

"चहा पीत होतो. उठलो."

"त्यांनी हाक मारली म्हणून?"

"तिला बोलायला येत नाय." गुणाजी थांबला. "ती गप्प झाली म्हणून."

गंगूबाईचे शब्द गेले होते, पण चाल राहिली होती. दिवसभर ती बंद ओठांनी काहीतरी गुणगुणत असे, कधी आरतीसारखं, कधी नुसतंच. मध्येच डोळा लागला की गुणगुण थांबायची. ती थांबली की गुणाजी उठायचा.

"डोळाच लागला असेल ना? मग धावायचं कशाला?"

उत्तर लवूने दिलं. "बाय, साचो बंद पडलो की धावूकच व्हया."

साचा म्हणजे माग. गुणाजीने अठ्ठावीस वर्षं साचेखात्यात काढली, एकटा चार साचे सांभाळत. दोन समोर, दोन पाठीशी. कानाला तोंड लावलं तरी बोलणं ऐकू येणार नाही असा गोंगाट. पण पाठीमागे सूत तुटून साचा थांबला, की त्या गोंगाटात पडलेलं भोक पाठीला कळायचं. मग वळायचं, धावायचं. थांबलेल्या साच्यापाशी आपल्याआधी जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, पोचला तर आईबापांचा उद्धार ठरलेला. मिल बंद होऊन चोवीस वर्षं झाली. जॉबरही गेला. पाठ मात्र अजून ड्यूटीवर होती.

अनुजाने त्याच्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे तुमचे पाय चांगले आहेत, काका. तुमची घाई पडते."

दुसऱ्या दिवशी तिने मोबाइलवर तानपुरा लावला. सगळे हात तरंगत ठेवून सावकाश चालत असताना तिने तो मध्येच बंद केला. गुणाजी झटक्यात वळला आणि लवूवर जाऊन आदळला.

"मेल्या, माझो साचो नाय बंद पडलो!" लवू ओरडला.

सगळे हसले. गुणाजी हसला नाही. "परत लाव, पोरी," म्हणाला.

ती रोज लावायची आणि रोज वेगळ्याच क्षणी बंद करायची. आवाज गेला की आधी श्वास सोडायचा, मग वजन उजव्या पायात, मग डावा पाय रिकामा. पहिल्या महिन्यात तो दर वेळी चुकला. पुढे दहातून चारदा जमू लागलं. घरी गंगूबाई गप्प झाली की तो खुर्चीचे हात धरून म्हणायचा, "येतंय गो, येतंय," आणि तेवढ्या वेळात पाय रिकामा व्हायचा. एका पायावर तो अकरा सेकंद उभा राहिला त्या दिवशी लवूने सगळ्यांना कटिंग चहा पाजला.

लक्ष्मीपूजनाला राजेश आला. गुणाजीने त्याच्यादेखत गंगूबाईला खाटेवरून खुर्चीत बसवलं. आपलं पाऊल तिच्या दोन पावलांमध्ये ठेवलं, तिला छातीशी घेतलं आणि वजन मागच्या पायात नेलं. ती त्याच्याबरोबर आपोआप उठली. ती गुणगुणतच होती.

राजेश चकलीचा डबा हातात धरून तसाच उभा होता. "हे कुठे शिकलात, बाबा?"

"मैदानात."

"मी बदलापूरला नको म्हणून कळवतो," राजेश म्हणाला आणि डबा ठेवायला वळला.

माघात एका सकाळी गुणाजी मोरीपाशी तांदूळ धूत होता. पाठीमागे खाटेवर गुणगुण चालू होती. ती थांबली.

त्याची पाठ ताठ झाली. त्याने पातेलं खाली ठेवलं. ओले हात लुंगीला पुसले, श्वास सोडला. वजन उजव्या पायात उतरेपर्यंत थांबला. डावा रिकामा झाला.

"येतंय गो."

मोरीपासून खाटेपर्यंत सात पावलं होती. त्यातलं एकही डळमळलं नाही.

गंगूबाईचे डोळे अर्धवट उघडे होते. त्याने नाकापुढे बोटं धरली, बराच वेळ. मग हाताने तिचे डोळे मिटले, उशीवरची बट कानामागे नेली आणि तो तिच्या उशाशी बसला. भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा कुकर शिट्टी देत होता. हाक मारली असती तर तिथे ऐकू गेली असती.

गुणाजीने तिचा हात हातात घेतला. तो लगेच उठला नाही.