मिनूच्या दुधाचं गरम पाणी

मित्रांनो, तुमच्या घरात माळ्यावर एखादा स्टीलचा थर्मास पडलेला असेल. त्याला कोणी फारसं विचारत नाही. मीही तसाच एक थर्मास, लिटरभर पाणी मावेल एवढा, आणि वयाने म्हणाल तर जुनाच. पण मी मुलुंडहून निघून समुद्रापार आलो, आणि तेही एका पाच महिन्यांच्या मुलीसाठी. ती गोष्ट तुम्हाला सांगायची आहे.

वसईकडच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. एकात एक अशी दोन भांडी बसवली, मधली हवा काढून घेतली, तोंड बंद केलं आणि मी तयार झालो. मुलुंडच्या बाजारातून नंदकुमार सावंतांनी मला घरी आणलं. ते भांडुपच्या एका कारखान्यात कामाला होते. कॅन्टीनचा चहा त्यांना पचत नसे. म्हणून त्यांच्या पत्नी, रत्नप्रभाबाई, रोज सकाळी माझ्यात आलं घातलेला चहा भरून देत. दुपारी माझं बूच उघडलं की चार माणसं आपापले पेले घेऊन गोळा व्हायची. "सावंत, तुमचा थर्मास म्हणजे झकास काम!" असं कोणीतरी म्हणायचंच. चहा रत्नप्रभाबाईंचा आणि कौतुक माझं, पण मी ते घेत असे.

सावंत निवृत्त झाले आणि माझी नोकरीही संपली. घरातला चहा गॅसवरून थेट कपात जायचा. मला माळ्यावर टाकलं गेलं. शेजारी गणपतीचं मखर आणि एक बिघडलेला पंखा. सहा वर्षं मी तिथे होतो. रबराची रिंग काळी पडली आणि आत राहिलेला चहाचा वास आतच कुबट झाला.

या काळात खाली घरात बरंच काही घडलं. सावंतांचा मुलगा सुयोग, जो संगणक दुरुस्तीचं काम करतो, त्याचं लग्न झालं. सून श्रुतिका एका रुग्णालयात नर्स होती. त्यांना मुलगी झाली. नाव मृणालिनी, पण सगळे मिनू म्हणत. बाळंतपणानंतर श्रुतिकाला एक औषध सुरू करावं लागलं आणि ते चालू असेपर्यंत बाळाला अंगावर पाजू नका, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यामुळे मिनू पहिल्यापासून डब्यातल्या पावडरच्या दुधावर होती.

मिनू दीड महिन्याची असताना कुर्ल्याला नात्यात बारसं होतं. श्रुतिकाची त्या दिवशी दवाखान्यात तपासणी होती, म्हणून रत्नप्रभाबाई नातीला घेऊन गेल्या. प्रवासात धावपळ नको म्हणून त्यांनी सकाळीच दुधाच्या दोन बाटल्या तयार केल्या आणि ऊबदार राहाव्यात म्हणून टॉवेलात गुंडाळल्या. दुसरी बाटली मिनूने दुपारी घेतली. संध्याकाळपर्यंत तिला जुलाब आणि उलट्या सुरू झाल्या. दोन दिवस एवढ्याशा हाताला सलाईन लावून ती रुग्णालयात पडून होती. नक्की कशाने झालं ते सांगता येत नाही, पण तयार दूध कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिलं की त्यात जंतू वाढतात, असं डॉक्टर म्हणाले.

मिनू बरी होऊन घरी आली तरी रत्नप्रभाबाई जेवेनात.

"तीन पोरां वाढवलंय मी," त्या मालवणीत स्वतःशीच बोलत राहिल्या. "माका येवढां कळूक नको होतां?"

श्रुतिका त्यांच्याजवळ जाऊन बसली. "आई, तुम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मी सांगायला हवं होतं, मी नर्स आहे ना. पावडर म्हणजे निर्जंतुक नसते. उकळलेलं पाणी चांगलं गरम असतानाच त्यात पावडर मिसळायची. आणि दूध ऐन वेळी करायचं, आधी करून ठेवायचं नाही."

"मग बाहेर गेल्यावर गरम पाणी खयसून आणायचा?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं. मग त्या उठल्या, स्टूल ओढलं आणि माळ्यावर हात घालून मला खाली काढलं.

श्रुतिकाने माझं बूच उघडून वास घेतला आणि नाक मुरडलं. मला लाज वाटली. पण तिने मला टाकून दिलं नाही. खायचा सोडा आणि उकळतं पाणी घालून ठेवलं, ब्रशने तळापर्यंत घासलं, उन्हात वाळवलं, असं तीन दिवस केलं. काळी रिंग काढून नवी बसवली. मग उकळतं पाणी भरून आठ तासांनी तापमान मोजलं. पारा सत्तर अंशांच्या वर होता, म्हणजे पावडरमधले जंतू मरतील एवढं पाणी गरम होतं. "चालेल," ती म्हणाली. "पण यात आता फक्त मिनूचं पाणी. चहा कध्धी नाही." चहापेक्षा मोठं काम मला मिळालं होतं.

श्रुतिकाला आयर्लंडमधल्या एका रुग्णालयात नोकरी लागली होती, आणि हजर व्हायची तारीख आता आणखी पुढे ढकलता येत नव्हती. मिनू तीन महिन्यांची असताना ती एकटी डब्लिनला गेली. शेजारपाजारचे कुजबुजले. जायच्या दिवशी श्रुतिकाने मिनूचं झबलं घडी करून आपल्या पर्समध्ये ठेवलं, हे मी ओट्यावरून पाहिलं. दोन महिन्यांनी सुयोगचा आणि मिनूचा व्हिसा आला. बाळाला घेऊन सुयोग एकटाच जाणार होता.

त्याला घाम फुटला होता. "आई, वाट लागणार आहे माझी," तो म्हणाला.

"काय नाय लागत. बस हयसर," रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि त्याला रोज दूध करायला बसवू लागल्या. आधी हात धुवायचे. आधी पाणी मोजायचं, मग पावडर. "चमचो दाबून भरू नको रे. सुरीन सपाट कर." कुर्ल्याच्या त्या दिवसानंतर त्या घरात सर्वांत कडक झाल्या होत्या.

श्रुतिकाने फोनवरून यादी दिली होती. उकळून निर्जंतुक केलेल्या चार बाटल्या झाकणं लावून. एकेका वेळेची पावडर मोजून कोरड्या डब्यांत, आणि लागेल त्याच्या दुप्पट. पावडरचा अख्खा डबा हातातल्या बॅगेत, कारण सामान हरवलं तर परक्या गावात तेच दूध मिळेल असं नाही. बाटल्या निर्जंतुक करायच्या गोळ्या. बाळाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, आणि वडील एकटेच बाळाला नेत आहेत म्हणून आईचं संमतिपत्र. सकाळी साडेसात वाजता माझ्यात उकळतं पाणी भरलं गेलं. विमानतळाच्या दारात रत्नप्रभाबाईंनी नातीच्या कपाळावर ओठ टेकले आणि माझं बूच आणखी एकदा पिळून घट्ट केलं.

सुरक्षा तपासणीत सुयोगने मला आपणहून बाहेर काढलं. "बाळाच्या दुधाचं पाणी आहे, मॅडम." तिथल्या बाईंनी बूच उघडायला लावलं, वाफ पाहिली, मिनूकडे पाहिलं आणि जाऊ दिलं. विमान वर चढताना सुयोगने मिनूला बाटली दिली. गिळत राहिलं की कानांना त्रास कमी होतो, असं श्रुतिकाने सांगितलं होतं. मिनू पिऊन झोपली. सुयोगने मोठा सुस्कारा टाकला.

आखाती देशात उतरून दुसरं विमान घ्यायचं होतं. एकच्या सुमाराला, खाली उतरण्याआधी मिनूने दुसरी बाटली तोंडात घेतली, अर्धी प्यायली आणि पुन्हा डोळे मिटले. तेवढ्यात घोषणा झाली. खाली धुळीचं वादळ होतं. विमान वळून एका लहानशा विमानतळावर उतरलं आणि तिथेच उभं राहिलं. कोणाला खाली उतरता येईना. आत उकाडा वाढत गेला. स्वयंपाकाच्या कप्प्यातलं गरम पाणी बंद झालं होतं, फक्त थंड पाण्याच्या बाटल्या आणि थोडा बर्फ होता.

दोन तास होऊन गेल्यावर मिनू जागी झाली आणि जी रडू लागली ती थांबेना.

शेजारी बोरिवलीच्या शर्मिष्ठाबाई बसल्या होत्या. मुलीकडे निघाल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अरे, आहे की बाटलीत अर्धं दूध. दे ना तेच. केवढी रडतेय!"

सुयोगने ती बाटली हातात घेतली. मित्रांनो, मला धडकीच भरली. मिनू लालबुंद झाली होती, पुढचामागचा प्रत्येक माणूस वळून पाहत होता, आणि दूध तर समोरच होतं. त्याने बाटलीचं झाकण काढलंसुद्धा. मग तो थांबला.

"नाही, काकू. दोन तास झालेत. हे नाही द्यायचं," तो म्हणाला आणि ते दूध कागदी पेल्यात ओतून पेला बाजूला सारला.

घाईघाईत त्याने तिसरी बाटली उघडली. तिचं निपल हातातून निसटून सीटखाली गेलं. ते धरायला तो वाकला, त्याचा कोपर मला लागला आणि मी धाडकन खाली पडलो. माझ्या कमरेला पोचा आला. पण बूच घट्ट होतं. एक थेंब सांडला नाही. सुयोगने निपल उचललं, पाहिलं, आणि पिशवीत टाकलं. चौथी बाटली काढली. तीच शेवटची होती.

हात पुसून त्याने पाणी मोजलं, पावडर घातली, हलवलं. माझ्यातून अजून वाफ निघत होती. पण मग नवीच अडचण आली. आधीच्या दोन्ही वेळी दूध निवायला वेळ मिळाला होता, आता तो नव्हता. दूध इतकं गरम की बाळाला देता येईना. सुयोगने बर्फाचं पाणी मागून घेतलं आणि पेल्यात बाटली उभी केली. निपलला ते पाणी लागू नये म्हणून वर झाकण ठेवलं. थोड्या वेळाने मनगटावर थेंब टाकला. चटका बसला. पुन्हा पेल्यात. मिनूचा आवाज आता बसत चालला होता.

मागून कोणीतरी हिंदीत ओरडलं, "अरे भाई, पिला दो ना जल्दी!"

सुयोगच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याच क्षणी शर्मिष्ठाबाई ताडकन उठल्या. "अहो, करू द्या ना त्याला नीट! तोंड भाजू दे का पोरीचं?" त्यांनी मिनूला आपल्याकडे घेतलं, खांद्यावर थोपटलं आणि सुयोगला म्हणाल्या, "तू दोन्ही हातांनी कर. मी आहे." पेल्यातलं पाणी कोमट झालं तसा त्यांनी दुसरा पेला मागवला.

तिसऱ्यांदा थेंब मनगटावर पडला आणि काहीच जाणवलं नाही. ना गरम, ना गार. सुयोगने मिनूला मांडीवर आडवं, डोकं जरा वर धरून घेतलं. हुंदके देत देत ती प्यायली. विमानातला आवाज हळूहळू शमला.

"मी उगाच सांगितलं तुला," शर्मिष्ठाबाई थोड्या वेळाने म्हणाल्या.

"काकू, माझा हात जवळजवळ गेलाच होता," सुयोग म्हणाला.

वादळ निवळलं. मोठ्या विमानतळावर पोहोचल्यावर सुयोगने बाटल्या धुऊन गोळीच्या पाण्यात बुडवून ठेवल्या, आणि एका उपाहारगृहात डोळ्यांसमोर पाणी उकळून घेऊन मला पुन्हा भरलं. पुढच्या प्रवासात मिनू दोनदा प्यायली. मधल्या वेळात ती बापाच्या छातीवर पाय पसरून झोपली.

डब्लिनच्या विमानतळावर श्रुतिका धावत आली. तिने हात पुढे केले, आणि मिनूने तोंड फिरवून सुयोगचा शर्ट गच्च पकडला. दोन महिने पाच महिन्यांच्या बाळाला फार मोठे असतात. श्रुतिकाचे हात तसेच हवेत राहिले.

"थकलीय गं ती," सुयोग म्हणाला.

"असू दे. घाई नको तिला," श्रुतिका म्हणाली, पण तिचा आवाज ओला होता.

घरी गेल्यावर तिने हात धुतले, नवं पाणी उकळून माझ्यात भरलं आणि त्याच पाण्याने दूध केलं. ती मिनूसमोर जमिनीवर बसली, ओढून घेतलं नाही. गुणगुणत बाटली धरून राहिली. मिनू बराच वेळ तिच्या तोंडाकडे पाहत होती. मग बापाच्या मांडीवरूनच पुढे झुकली. दूध निम्मं होईपर्यंत ती आईच्या कुशीत सरकली होती आणि तिने आईचं एक बोट मुठीत धरलं होतं. तेवढ्यात मुलुंडहून फोन आला. पडद्यावर दोन म्हातारे चेहरे एकमेकांना ढकलत होते.

"गो, पाणी उकळलंस मां?" रत्नप्रभाबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला. रडणारी श्रुतिका हसू लागली.

काही आठवड्यांनी पाणी भरल्यावर श्रुतिकाने माझ्या अंगाला हात लावला. मी बाहेरून कोमट लागत होतो. म्हणजे आतली ऊब बाहेर गळत होती. पडण्यानेच कुठेतरी बारीक भेग गेली असावी. सुयोग म्हणाला, "अगं, याने पार इथपर्यंत सोबत केली. वापरू की अजून थोडे दिवस."

"म्हणूनच जपून ठेवू," ती म्हणाली. "पण मिनूचं पाणी यात नको."

ऐकताना मला दुखलं, हे मी लपवणार नाही. पण नंतर विचार केला. तिने हात लावून पाहिलं नसतं तर मी मुकाट्याने मिनूला अर्धवट गार पाणी देत राहिलो असतो, आणि कोणालाच कळलं नसतं. माझ्याबद्दलच्या मायेपेक्षा तिने मिनूला पुढे ठेवलं, हे बरंच झालं. आता माझ्यात कपडे वाळत घालायचे चिमटे असतात. दीड वर्षाची मिनू ते एकेक करून बाहेर काढते आणि मला घरभर लोळवते.

मित्रांनो, तुमच्या घरी तान्हं बाळ आलं तर बाटलीला हात लावण्याआधी हात धुवा, आणि मोठ्यांनी दूध टाकून दिलं तर "वाया गेलं" म्हणून हळहळू नका. आणि कधी प्रवासात एखादं बाळ रडत असेल, त्याची आई किंवा बाबा बाटली गार करत असतील, तर त्यांना लवकर करा म्हणू नका. तुम्ही थोडे सरकून बसा. त्यांना कोपर टेकायला जागा द्या.