मागची फळी

छिन्नीला ठोकावंही लागलं नाही. होडीच्या मागच्या फळीचं लाकूड चहाच्या ओल्या चोथ्यासारखं तिच्या हातात आलं. शेडच्या दारात खुर्चीवर बसलेल्या नवऱ्यानं विचारलं, "निघतंय का?"

"निघतंय कसलं, गळतंय," ती म्हणाली.

त्याला सगळा काठ कप्तान म्हणायचा. हुद्दा थट्टेचा, पण याच अ‍ॅल्युमिनियमच्या होडीतून त्यानं जन्मभर माणसं पलीकडे सोडली होती. बाळंतिणी, आजारी म्हातारे, एकदा तर आरशासकट अख्खं कपाट. गेल्या वर्षी झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. वल्ह्यांना दोन हात लागतात, इंजिनाला डावा एकटा पुरतो. पण इंजिन जिला टांगायचं ती फळीच कुजलेली. नवी बसली की कप्तान पुन्हा कप्तान. नाहीतर खुर्ची होतीच.

तो सांगायचा, ती करायची. पाना उलटा धरलास म्हणून तो करवादायचा, मग या ना उठून, असं तिच्या तोंडून निसटायचं. ती जीभ चावायची आणि तोच हसायचा.

जुनी फळीही त्यानंच बसवली होती. साधं लाकूड कुजतं म्हणून हट्टानं औषध पाजलेलं लाकूड आणलं होतं आणि ही आपल्याला पुरून उरेल, असं भेटेल त्याला सांगत सुटला होता. परवा नवं प्लायवूड घेताना दुकानदारानं तिला सहज बजावलं, औषधाचं लाकूड नेऊ नका. त्यात तांबं असतं, ओल धरली की ते झिरपतं आणि अ‍ॅल्युमिनियम खातं. तिनं ऐकलं आणि विसरली. दुपारी शेवटचा तुकडा निघाला, तेव्हा आठवलं. पत्र्यावर पांढरी पूड साचली होती आणि त्यातून उजेडाचे ठिपके आत येत होते.

कप्तान आत झोपला होता तेवढ्यात तिनं शेजारच्या वेल्डरला बोलावलं. त्यानं अंगठा टेकवला तसा पत्रा कागदासारखा दबला. भोकं बुजवता येतील, होडी वल्ह्यांवर चालेल, पण इंजिनाचा हादरा हा पत्रा सोसणार नाही, असं तो खाली बघत सांगून गेला.

उठल्यावर कप्तानानं विचारलंच.

"पत्रा गेलाय," ती म्हणाली. "इंजिन नाही पेलणार. पाण्यानं खाल्लाय."

"आपलं पाणी गोडं आहे. गोडं पाणी पत्रा खात नाही."

पाहुण्यारावळ्यांशी ती बेमालूम थापा मारायची. याच्यापुढे आजवर एकही टिकली नव्हती. त्यानं तिचा खांदा धरला, पाय ओढत होडीपाशी आला आणि डावा हात पत्र्यावरून फिरवला. बोटाला लागलेली पूड तो बघत राहिला.

"माझ्या लाकडानं?"

"त्यातल्या औषधानं. तुम्ही टिकावी म्हणून घातलंत."

"टिकावी म्हणून," तो म्हणाला. बोटावरची पूड त्यानं सदऱ्याला पुसली. मग म्हणाला, "फळी तरी नीट बसव. कडांना रंग पाज. पाणी कडेनंच शिरतं."

इंजिन नाही तर फळी कशाला, असं तिच्या ओठांवर आलं होतं. तिनं रंगाचा डबा उघडला. फळी बसली, तशी बोल्टच्या भोकांत पाणी शिरू नये म्हणून लांबीचा लगदा त्यानं स्वतः भरला, डाव्या हाताच्या बोटानं, एकेक भोक दोनदा चाचपून.

होडी पाण्यात उतरली, तेव्हा तो आपल्या जागी, मागच्या बाकावर बसला. वल्ही तिनं घेतली. इंजिन असताना ती पुढे तोंड करून बसायची आणि तो तिच्या पाठीशी. होडी चालवताना तो कसा दिसतो, हे तिला ठाऊकच नव्हतं. वल्हवणाऱ्याला मात्र मागे तोंड करावं लागतं. आता पुढचं पाणी त्याला दिसत होतं आणि तिला तो.

"डावं जोरात," तो म्हणाला.

"माझं की तुमचं?"

"तुझं गं. माझं कुठलं आलंय."

होडी वळली. त्याचा डावा हात सवयीनं मागे गेला, इंजिनाची दांडी असायची तिथे. तिथे काही नव्हतं. तिनं बघितलं आणि लगेच वल्ह्याकडे नजर वळवली. तो हात त्यानं परत घेतला नाही. नव्या फळीवर तसाच ठेवला, पलीकडचा काठ येईपर्यंत.