बदलीवरची

“घट्ट बांध, डॉक. अजून घट्ट.”

“अजून घट्ट बांधलं तर बोटं निळी पडतील, टी.”

“पडू देत. निळा आपल्या संघाचाच रंग आहे.”

टनिशा गॅडसन टेबलावर बसली होती, म्हणजे नुसती टेकली होती. एक पाय माझ्या हातात आणि दुसरा खाली फरशीवर सारखा ताल धरत होता. ही बाई स्वस्थ बसलेली मी पाहिली नाही. जेवायची उभ्याने, फोनवर बोलायची येरझाऱ्या घालत. खेळाडूंच्या खोलीतलं तिचं कपाट रिकामंच असायचं, कारण सामान बॅगेतून कधी बाहेर आलंच नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, “काढायचं आणि परत भरायचं, दुप्पट काम कुणी सांगितलंय?”

मी डॉक्टर नाही. मी खेळाडूंचे घोटे बांधते, बर्फ लावते, गुडघे वाकवून बघते आणि कुणी खेळायचं, कुणी बाकावर बसायचं हे शेवटी मी सांगते. तरी सगळ्या मला डॉक म्हणतात आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं. त्या शनिवारी मात्र कुणीही मला जो किंवा जोलीन म्हणून हाक मारली असती तर बरं वाटलं असतं.

आमचा संघ मिल्वॉकी हेरन्स, बायकांच्या बास्केटबॉल लीगमधला. बाद फेरीचा पहिला टप्पा तीन सामन्यांचा असतो. पहिला आम्ही घरी जिंकलो, दुसरा प्रतिस्पर्ध्यांच्या गावी, टकोमाला जाऊन हरलो. तिसरा रविवारी, आमच्याच गावात. जो संघ हरेल त्याचा मोसम संपला. आणि आमची सगळ्यात जास्त गुण करणारी पोरगी, ब्रिन हॉलोवे, ऑगस्टमध्ये गुडघा मुरगळून बाहेर बसली होती. तिच्या जागी लीगच्या परवानगीने बदली म्हणून टनिशा आली. बदलीचा करार मोठा सरळ असतो. जायबंदी खेळाडू फिट झाली की बदलीवरचीने निघायचं. उद्या नाही, संध्याकाळी नाही, त्याच क्षणी.

म्हणून आठवडाभर माझ्या खोलीत ‘फिट’ हा शब्द कुणी काढत नव्हतं. ब्रिनचा गुडघा बरा होता, मस्त होता, मजेत होता, फक्त फिट नव्हता. असं काही ठरवून झालं नव्हतं, पण पोरींनी ते पाळलं. कोच डिट्रिकबाईंना सुविचारांशिवाय बोलता येत नाही. पण त्यासुद्धा दारातून डोकावून “त्या गोष्टीचं काय?” एवढंच विचारायच्या.

शुक्रवारी रात्री सगळ्या तळलेला मासा खायला गेलो होतो. तिथे आमच्या एका नव्या पोरीची जीभ घसरली. “उद्या ब्रिन फिट झाली की आपण टकोमाला...” म्हणाली आणि तोंड उघडं ठेवूनच थांबली. टेबलावर सगळ्याजणी लिंबं पिळायला लागल्या. टनिशा अर्थात उभीच होती. तिने त्या पोरीच्या ताटात आणखी एक तुकडा वाढला.

“खाताना बोलू नये, पोरी. काटा अडकतो.”

“सॉरी, मावशी.”

पोरी तिला मावशी म्हणायच्या, कारण संघात तीच वयाने मोठी. चौतिशीची. पोलंडला खेळली, तुर्कस्तानात खेळली, ऑस्ट्रेलियात एका गावात खेळली, तिथे प्रेक्षकांपेक्षा मेंढ्या जास्त होत्या असं ती सांगायची. घरच्या लीगमध्ये मात्र दर उन्हाळ्यात कुणीतरी बोलवायचं आणि मोसम रंगात यायच्या आत सोडून द्यायचं. बाकीचे महिने ती दक्षिण कॅरोलायनात, ऑरेंजबर्गला, शाळेत बदली शिक्षिका म्हणून जायची. “मी जन्माला आले तेव्हाही दुसऱ्या कुणाच्या पाळण्यात ठेवलं असणार,” असं म्हणून स्वतःच हसायची. बाद फेरीत ती आयुष्यात पहिल्यांदा पोहोचली होती, आणि तिथेही मोजून थोडा वेळच खेळली होती. पण टकोमाच्या मुख्य खेळाडूला तिने त्या थोड्या वेळात असं काही जखडून ठेवलं, की कोचबाई विमानात तिला म्हणाल्या, “रविवारी तुलाच तिच्यावर लावते.”

ते ऐकून टनिशाने आईला फोन केला. आईने तिला शाळेनंतर कधी खेळताना पाहिलंच नव्हतं. परदेश तिला झेपणारा नव्हता आणि इथे यायचं ठरवेपर्यंत संघाने लेकीला सोडलेलं असायचं. या वेळी चर्चमधल्या मैत्रिणीच्या गाडीतून म्हातारी निघालीसुद्धा.

मी पट्टी दाताने तोडत होते तेवढ्यात टनिशाचा फोन वाजला. ती फोन घेऊन दारापर्यंत जाऊन आली.

“शिकागो ओलांडलं. ममा विचारते, मिल्वॉकीत थंडी आहे का.”

“सांग तिला, आहे.”

“सांगितलं. ती म्हणते, मग एवढ्या वर कशाला राहता?” ती हसली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “आज ब्रिनला पळवणार आहात ना?”

“हो.”

“बरं आहे.” आणि ती गेली. अर्धी पट्टी माझ्या दातात होती.

ब्रिनचे डॉक्टर गुरुवारीच आपलं मत देऊन मोकळे झाले होते. हाड ठीक, सूज नाही, आता मैदानावर बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा. मैदानावर बघायचं म्हणजे पूर्ण वेगात, समोर अडवणारं माणूस ठेवून. एरवी ते काम सरावाचे पुरुष करतात. आमच्या सगळ्या संघांची ही रीतच आहे. गावातले जुने खेळाडू येतात आणि प्रतिस्पर्धी बनून पोरींशी खेळतात. ब्रिनसमोर कोल्टन होता. उंच, चांगला, शाळेत खेळाचा मास्तर. पण तो तिच्यापासून असा दूर दूर राहत होता, की जणू तिच्या खिशात अंडी होती.

“कोल्टन, तू तिला अडवतोयस की वाट दाखवतोयस?” कोचबाई ओरडल्या.

“उद्या सामना आहे, कोच. तिला काही झालं तर मला या गावात कोण राहू देईल?”

कोचबाईंनी शिट्टी वाजवली. “गॅडसन! तू ये.”

हॉलमधला चेंडूचा आवाज थांबला. मी सरळ कोचबाईंपाशी गेले. मला राग आला होता आणि तो लपवायची मला गरज वाटली नाही.

“दुसरी कुणी नाही मिळत तुम्हाला?”

“अडवणारी? नाही, तिच्यासारखी नाही मिळत.” कोचबाई हळू बोलल्या. “टकोमाच्या पोरी उद्या दयामाया दाखवणार नाहीत, जो. मला खरं काय ते कळायला हवं. तुलाही.”

त्यांचं बरोबर होतं. म्हणूनच आणखी राग आला.

टनिशा मधोमध येऊन उभी राहिली. ब्रिनच्या हातात चेंडू होता, पण ती तो जमिनीवर टाकेना.

“मावशी, तू...”

“मी काय? चेंडू टाक. मला अडवायला सांगितलंय, मी अडवणार. सवलत मागायला आली असशील तर कोल्टनकडे जा.”

पहिल्या वेळी ब्रिन उजवीकडून निघाली. टनिशा तिच्या आधीच तिथे होती. दुसऱ्या वेळी ब्रिनने हूल दिली, वळली, दोघींचे खांदे एकमेकींवर आदळले आणि ब्रिन धाडकन खाली बसली. सगळ्यांचे डोळे गुडघ्यावर जायच्या आधी टनिशावर गेले. मी ते पाहिलं. माझेही गेले, हेही सांगते. तिने मुद्दाम केलं की काय, हा विचार त्या हॉलमधल्या प्रत्येकीच्या डोक्यात आला आणि टनिशाला तो कळला.

ती एवढंच म्हणाली, “उठ, पोरी. धक्का कायदेशीर होता. परत.”

ब्रिन उठली. गुडघा एकदा वाकवून पाहिला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, टनिशाकडेच पाहिलं.

तिसऱ्या वेळी ती डावीकडून आली, दुखऱ्या पायावर भार टाकून. टनिशा तिच्यासमोर खाली झुकली, हात पसरले, पाय सरकवले. मी तिचे पाय बारकाईने बघत होते. ते एक क्षणही रेंगाळले नाहीत. ब्रिन तरीही गेली. आधी खांदा काढला, मग कंबर, मग सगळीच निसटली आणि चेंडू रिंगमध्ये ठेवून खाली उतरली, त्याच पायावर.

कुणी टाळी वाजवली नाही. टनिशा गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी होती. मी म्हणू शकले असते, अजून एक दिवस बघू. सूज रात्री येते, सकाळी ठरवू. मनात वाक्यं तयार होती आणि ती चांगली वाक्यं होती. कुणी मला खोटं पाडू शकलं नसतं.

“डॉक,” टनिशा वर न बघता म्हणाली, “गेली ती. मी सोडली नाही, ती गेली. आता म्हण तो शब्द.”

“टी, जरा थांब...”

“ममा रस्त्यात आहे म्हणून तू तोंड शिवून बसू नकोस. म्हण.”

“फिट,” मी म्हणाले.

ब्रिन रडायला लागली. टनिशाने तिच्या डोक्यावर टपली मारली. “डावीकडून जाताना चेंडू जास्त वर येतो तुझा. उद्या काढून घेईल ती टकोमाची.”

मग कोचबाईंनी शिट्टी वाजवली आणि पाच विरुद्ध पाच असा सराव लावला. सगळ्या आपापल्या जागी गेल्या. टनिशाही गेली. सवयीने, तिच्या नेहमीच्या कोपऱ्यात, हात पसरून तयार. कोचबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना ते सांगता येईना. शेवटी मीच आत गेले आणि तिच्या दंडाला धरलं.

“टी, करार संपला. तू आता कोर्टवर उभी राहू शकत नाहीस. काही लागलं तर विम्याचं...”

“अगं हो की.” ती दोन पावलं मागे सरली आणि रेषेबाहेर गेली. “विसरलेच.”

तिच्या जागी कोल्टन आला. तिने बाहेरूनच त्याला दटावलं, “ढुंगण खाली कर, मास्तर. उभं राहून काय अडवतोस? फोटो काढायचाय का?” तो हसला, पण खाली झुकला.

सराव संपून पोरी बर्फाच्या टबात गेल्या तेव्हा दारावरच्या माणसाने एका म्हाताऱ्या बाईंना आत सोडलं. जाड कोट, प्रवासाचे बूट, खांद्याला भली मोठी पर्स. त्या दारातच थांबून वर छताकडे बघत होत्या. टनिशा हॉलच्या कडेने फेऱ्या मारत होती. ती पळतच गेली. मी बाटल्या गोळा करत होते, म्हणजे गोळा करायचं नाटक करत होते.

“झाला सराव?” आईने विचारलं.

“माझा झाला, ममा. मला सोडलं आज.”

“कुणी सोडलं?”

“कुणी नाही गं. जिची जागा होती ती बरी झाली. उद्या आपण दोघी वर प्रेक्षकांत बसून बघू. ही डॉक आहे, ही तिकिटं देईल.”

मिसेस गॅडसननी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता दोन शब्द ऐकवतील. ऐकवले असते तर मी निमूट ऐकून घेतले असते.

“मी काय एवढ्या लांबून तिकीट घेऊन वर बसायला आले का?” त्या लेकीला म्हणाल्या. “मागच्या सीटवर बसून माझी कंबर मोडली. मला दाखव, तू काय करतेस ते.”

“काय दाखवू? मी रिंगमध्ये चेंडू टाकणाऱ्यातली नाही, ममा. मी फक्त अडवते.”

“मग अडव. मला अडव.”

“ममा, काहीतरीच काय.”

म्हातारीने वाकून कोपऱ्यातला एक चेंडू उचलला, पर्सच्या बाजूला काखेत धरला आणि त्या कोटासकट सरळ लेकीच्या अंगावर चालून आली. टनिशा हसली. मग ती खाली झुकली आणि तिने हात पसरले. म्हातारी उजवीकडे गेली, टनिशा तिथे होती. डावीकडे गेली, टनिशा तिथेही होती. बुटांचा करकर आवाज येत होता आणि दोघींची हसण्याची पद्धत अगदी एकच होती. म्हातारी एकदा मध्येच थांबली, मागे वळल्यासारखं केलं आणि दुसऱ्या बाजूने निघाली. तरी टनिशा तिच्यासमोरच. ती आईला बोटही लावत नव्हती, नुसती पुढे पुढे असायची.

“बापरे,” म्हातारी धापा टाकत म्हणाली. “कुणाला जाऊच देत नाहीस की गं.”

टनिशाचं हसू थांबलं होतं. हात तसेच पसरलेले होते.

“उभी राहा, बाळा,” आई म्हणाली. “पाहिलं मी. बस झालं.”

“नाही. अजून एकदा ये, ममा,” टनिशा म्हणाली. “या वेळी जोरात ये.”

म्हातारीने पर्स दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि पुन्हा आली.