उताराची रेघ

फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या, भिंतीला टेकून माणसं उभी होती आणि रांगेचं शेपूट जिन्यावरून खाली गेलं होतं. आलेल्यांपैकी बहुतेकांचे हात थरथरत होते. कुणी ते खिशात घातले होते, कुणी मांडीखाली दाबून धरले होते. माझ्या शेजारी एक शिंपीणबाई उजवा हात डाव्या हातानं घट्ट आवळून बसली होती. समोर टेबलावर मखमली डबी, डबीत एक सोनेरी माउस, आणि मागच्या भिंतीवर भलामोठा पडदा.

हो, माउसच. कॉम्प्युटरचा. मी चेष्टा करत नाही.

त्यातही गेम खेळणारी पोरं वापरतात तसला, बाजूला बटणं आणि पोटात दिवा असलेला. मी गेली बावीस वर्षं माउस आणि कीबोर्ड दुरुस्त करते. दिवसाला चार-पाच तरी माझ्या टेबलावर उताणे पडलेले असतात. कुणाचं चाक अडकतं, कुणाचं बटण एकदा दाबलं की दोनदा लागतं. माउसमुळे मनगट दुखावलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. माउसमुळे बरा झालेला माणूस मात्र मी अजून पाहिला नव्हता.

तरी मी तिथे बसले होते, कारण दादा बसला होता. दादा माझा थोरला भाऊ. शहराच्या गटार खात्यात छत्तीस वर्षं ड्राफ्ट्समन होता. अर्ध्या शहराखालून सांडपाणी कुठून कुठे जातं, ते त्याच्या हातच्या नकाशांवर आहे. दोन वर्षांपूर्वी त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सनचा आजार सांगितला, गोळ्या सुरू केल्या. गोळ्यांनी चालणं-फिरणं नीट राहिलं, पण थरथर पुरती गेली नाही. एक दिवस त्यानं ड्रॉइंग बोर्ड उचलला आणि पलंगामागे सारून टाकला. त्यानंतर त्याचा विषय घरात कुणी काढला नाही.

टेबलापाशी स्थिरगुरू उभे राहिले. हे त्यांनी स्वतःच घेतलेलं नाव. चाळिशीचे असतील, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, आवाज अगदी मऊ.

"हात थरथरत नाही हो," ते म्हणाले. "हातातली लहर थरथरते. लहर येते कुठून? मेंदूतून. मेंदू म्हणजे काय? कॉम्प्युटर. मग कॉम्प्युटरला वळण लावतं कोण?"

"माउस," सगळा हॉल म्हणाला.

मी कपाळाला हात लावला. दादानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो खाली घेतला.

त्याचा नंबर आला. गुरूंनी माउस त्याच्या हाताखाली दिला आणि आडवी रेघ काढायला सांगितली. माउसच्या पोटातला दिवा लाल होता. पडद्यावर रेघ उमटली ती करवतीच्या दातांसारखी. दादाची मान खाली गेली. मग गुरूंनी आपला पंजा त्याच्या हातावर ठेवला, डोळे मिटले आणि "स्थिर, स्थिर, स्थिर" असं पुटपुटले. दिवा लालचा हिरवा झाला.

"लहर निघाली," गुरू म्हणाले. "आता हात मोकळा सोडा. टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, बिनधास्त."

आणि रेघ सरळ आली. आखीव, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा पडद्याकडे बघत राहिला, डोळ्यांतून पाणी गालावर आलं तरी त्याला पत्ता नव्हता.

"छोटे," तो म्हणाला, "पाहिलीस?"

पाहिली होती. दोन वर्षांत त्याचा चेहरा असा उजळलेला मी पाहिला नव्हता. एक क्षण मला वाटलं, आपल्याला काय सगळं कळतं का?

मग गुरूंनी अट सांगितली. औषध लहरीला अंगात धरून ठेवतं, तेव्हा आजपासून गोळ्या बंद. रोज इथे येऊन एक रेघ. आठ दिवसांनी सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायचा, म्हणजे तो वहीत लिहिला जाईल.

जिना उतरताना मी दादाला म्हटलं, "डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी सोडायची नाही हं."

"तू बटणं बदलतेस, छोटे," तो शांतपणे म्हणाला. "रेघ मला कळते. माणसं पुष्कळ खोटं बोलली माझ्याशी, रेघ कधी बोलली नाही."

सातव्या दिवशी सकाळी वहिनीचा फोन आला. तिला नीट बोलताही येत नव्हतं. मी पोचले तेव्हा दादा खुर्चीत होता, कपाळावर पट्टी आणि चेहरा दगडासारखा. न्हाणीघराच्या दारात त्याचे पाय जागच्या जागी रुतल्यासारखे झाले होते. पुढे जाता येईना, मागे येता येईना, आणि तसाच तो चौकटीवर आदळला. तीन टाके पडले. टाके घालून डॉक्टर त्याच्यासमोर बसल्या होत्या.

"ही गोळी अशी एकदम तोडायची नसते, काका," त्या म्हणाल्या. "अंग लाकडासारखं होतं, ताप चढतो, जिवावर बेततं. आत्ता सुरू करा. उद्यापर्यंत घेतली नाहीत, तर मी तुम्हाला दवाखान्यात भरती करणार."

दादानं ओठ घट्ट मिटले. मग म्हणाला, "लहर निघताना त्रास होतो. गुरूंनी आधीच सांगितलं होतं. उद्या माझा अनुभव आहे."

डॉक्टर गेल्यावर वहिनीनं मला स्वयंपाकघरात ओढलं. "वन्सं, तुमचं ऐकतील ते. नाही ऐकलं तरी ऐकवा. मला हा माणूस असा गमवायचा नाही."

मला राग आला होता, आणि रागापेक्षा भीती जास्त वाटत होती. मी तडक माझ्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. तो माउस मला ओळखीचा वाटत होता. सोनेरी रंग एका कडेला उडाला होता आणि खालून काळं प्लास्टिक दिसत होतं. तसलाच एक गेल्या महिन्यात कुणीतरी दुरुस्तीला टाकून गेलं होतं, परत न्यायला आलंच नाही. खणातून तो काढला आणि विकणाऱ्या वेबसाइटवर त्याचं पान उघडलं. खाली तो माउस विकत घेतलेल्यांचे अनुभव होते, शेकड्यांनी. मी एकेक वाचत बसले.

एका चित्रकारानं लिहिलं होतं, "दिवा हिरवा असला की वाकडी रेघ काढताच येत नाही, सगळं आपोआप सरळ होतं. मांजर काढायला गेलो, कपाट झालं." एका गेमवाल्याची तक्रार होती, "चाकामागचं बटण चुकून दाबलं जातं आणि पडद्यावरच्या बाणाची गोगलगाय होते." आणि त्यांच्याही खाली कुणा नातीनं लिहिलं होतं, "आजोबांसाठी घेतला, छान आहे. त्यांचा हात थरथरतो, पण यात ते दिसत नाही."

शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं. हात थरथरतो, पण दिसत नाही. सात दिवस आमच्या घरात जे चाललं होतं, ते त्या मुलीनं सहज लिहून टाकलं होतं. तिनं आजोबांना फसवलं नव्हतं, सोय करून दिली होती. गुरूंनी त्याच सोयीवर दुकान मांडलं होतं.

मी माउस जोडला, चाकामागचं बटण दाबून दिवा हिरवा केला आणि मुद्दाम हात गदागदा हलवत रेघ काढली. सरळ आली. मग सहज थोडी तिरकी काढायला गेले, तर ती तिरकी जाईना. आडवीच सरकत राहिली आणि मध्येच पायरीसारखी खाली उतरली. तिथे मला दादा दिसला, बोर्डावर वाकून गटाराच्या उताराची रेघ काढणारा. माझ्या सांगण्यावर तो विश्वास ठेवणार नव्हता. रेघेवर ठेवला असता.

दुसऱ्या दिवशी हॉल आणखी भरला होता. वहिनीनं आणि मी दादाला दोन्ही बाजूंनी धरून वर नेलं. टाके झाकायला त्यानं टोपी घातली होती. गुरूंनी त्याला सगळ्यांसमोर बसवलं. "हे ड्राफ्ट्समनसाहेब. जन्मभर रेघा काढल्यात यांनी. यांची रेघ म्हणजे साक्षच." पंजा हातावर, दिवा हिरवा, रेघ सरळ, टाळ्या.

मी उभी राहिले.

"दादा, आता उताराची काढ. वीस फुटांना एक फूट."

"ताई, इथे आडवीच रेघ काढतात," गुरू म्हणाले. "स्थिरता आडवी असते."

पण दादा हसला. सात दिवसांत पहिल्यांदा. "काढू द्या गुरुजी. हा उतार मी झोपेतसुद्धा काढीन."

त्यानं काढली. रेघ आडवी आली. त्याच्या भुवया आकसल्या. त्यानं परत काढली. आडवी गेली, मध्येच एक पायरी उतरली, परत आडवी. तिसऱ्यांदा हात अगदी सावकाश नेला, ओठ हलत होते, मनात तो माप मोजत होता. पुन्हा पायऱ्याच आल्या.

"मी हात खाली आणला होता," तो मला म्हणाला.

"मी पाहिलं, दादा."

"मग रेघ का नाही आली?"

त्यानं माउस हाताखालून काढून बाजूला ठेवला. "या असल्या गटारात पाणी तुंबेल," तो हळूच म्हणाला. "ही रेघ माझ्या हातची नाही."

गुरूंचा हात डबीकडे जायच्या आत मी माउस उचलला. चाकामागचं बटण सगळ्यांना दाखवलं. दाबलं की दिवा लाल, हात तसूभर हलला तरी बाण हातभर पळतो, म्हणून साधी थरथर करवतीसारखी दिसते. परत दाबलं की दिवा हिरवा, बाण मंद, आणि जवळपास आडवी असलेली प्रत्येक रेघ माउस स्वतः सरळ करतो. गुरू पंजा ठेवतात तेव्हा बोट या बटणावर असतं. शिवाय या आजारात हात नुसता पडून असला की थरथर जास्त, कामाला लागला की पुष्कळदा कमी. म्हणून गुरू सांगतात, 'या टोकापासून त्या टोकापर्यंत, बिनधास्त'. मग मी माझा धडधाकट हात सगळ्यांसमोर वेड्यासारखा हलवला, आणि पडद्यावर रेघ सरळ आली.

"बघा," मी म्हटलं, "मला आजारच नव्हता, तरी मी बरी झाले."

दोघं-तिघं हसले. बाकी कुणी हसलं नाही. गुरू म्हणाले, काही माणसांच्या येण्यानं लहरी बिघडतात. मागून एक म्हातारा ओरडला, "बाई, तुम्हाला काय मिळालं हे करून? चार दिवस तरी आम्ही बरे होतो." त्याचं बोलणं मला लागलं. अजूनही लागतं.

शिंपीणबाई मात्र जवळ आली आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मीपण गोळ्या टाकल्यात. पाच दिवस झाले."

दादानं ते ऐकलं. त्यानं टोपी काढली आणि टाके दिसू दिले. "मला आज अनुभव सांगायचा होता," तो म्हणाला. जीभ जड होती, शब्द ओढून आणावे लागत होते. "तो हा. सात दिवस गोळ्या सोडल्या आणि पडलो. रेघ पाहिली, हाताकडे पाहिलं नाही. तुम्ही पाहा. आणि इथून थेट आपापल्या डॉक्टरकडे जा."

अनुभवांची वही टेबलावर उघडीच होती. वहिनीनं तिच्यातले फोन नंबर उतरवून घेतले, गुरू बघत असताना. त्या दुपारी आम्ही दोघी एकेकाला फोन करत होतो. काहींनी आभार मानले, काहींनी शिव्या दिल्या. तिघांनी फोन उचलला नाही. त्यांचं काय झालं ते आम्हाला आजही माहीत नाही. पुढच्या आठवड्यात हॉलला कुलूप लागलं. गुरू पकडले गेले नाहीत, म्हणजे कुठेतरी दुसरी डबी उघडली असणार.

दादानं गोळी त्याच दुपारी घेतली. पाण्याचा ग्लास तोंडाशी नेताना अर्धं पाणी शर्टावर सांडलं, वहिनीनं काही न बोलता ते पुसलं. चालणं परत रुळायला तीन आठवडे लागले. थरथर आहे तिथेच आहे. एक दिवस मी गेले तर बोर्ड टेबलावर होता. कागदावर पेन्सिलीची एक रेघ होती, हिसके खात गेलेली, पण डावीकडून उजवीकडे नेमानं उतरत गेलेली. त्यानं पट्टी लावून दोन्ही टोकं मोजली.

"वाकडी आहे," तो म्हणाला. "पण पाणी वाहील."

दुकानात येऊन मी त्या माउसच्या पानावर माझाही अनुभव लिहिला. "माउस चांगला आहे, चाक टिकाऊ आहे. हिरव्या दिव्यात रेघ सरळ दिसते, हात सरळ होत नाही. कुणी तसं सांगितलं, तर त्याला आधी उताराची रेघ काढून दाखवायला सांगा. आणि दाखवली तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करू नका." त्या नातीच्या अनुभवाच्या बरोबर खाली तो आला.