कोनाड्यातलं काळीज

शकुबाईनं पुढची खोली भाड्यानं दिली ती माणूस पाहूनच. निशिगंधा मॅडम वणीच्या कॉलेजात इतिहास शिकवायच्या. सकाळच्या एसटीनं जायच्या, दिवस मावळता मुकुटबनला परत. शकुबाईचा मुलगा अमर कोळशाच्या ट्रकवर, घरी क्वचितच. सून वैष्णवी पोटुशी. घरात शिकलेल्या बाईची सोबत झाली म्हणून शकुबाई खूश होती.

कापूस वेचणी सुरू झाली तेव्हा तिच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

शेतातून परतताना मॅडमच्या खोलीचं दार अर्धवट उघडं दिसलं. मॅडम डोक्यावरून ओढणी घेऊन कोनाड्यासमोर बसल्या होत्या. कोनाड्यात मातीच्या दोन मूर्ती. आखूड कपड्यातली पोरगेली माणसं, हातात शिंगासारखं काहीतरी. मॅडमनी मीठ कालवलेलं पीठ चिमटीनं दिव्यावर सोडलं आणि त्या काही पुटपुटल्या. ते मराठी नव्हतं, हिंदीही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी झाडायच्या निमित्तानं शकुबाई आत गेली. मूर्तींच्या बाजूला ताटलीत एक लालसर गोळा होता. जवळ जाऊन पाहिलं आणि ती झाडू टाकून मागं सरली. काळीज! कच्च्या मातीचं, पण हुबेहूब. त्यावर रेघा ओढून खण पाडलेले, खणाखणात न कळणारी अक्षरं.

संध्याकाळी तिनं सहज विचारल्यासारखं केलं. "मॅडम, तुमचा देव कोणता जी?"

"एक नाही काकू, बरेच आहेत," मॅडम हसल्या. "सांगेन सावकाश."

सावकाश कायले? आत्ता काहून नाही? शकुबाईला जेवण गेलं नाही.

त्यात वैष्णवीचं बिनसलं. अन्नावरची वासना उडाली, पोट दुखायचं, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी. चेहरा पांढराफटक. एका दुपारी शकुबाई शेतातून लवकर परतली, तर सून मॅडमच्या खोलीतून पदरानं तोंड पुसत बाहेर येताना दिसली. मॅडम कॉलेजात होत्या.

"काय खाल्लं वो?"

"काही नाही, आत्याबाई." आणि ती भराभर आत गेली.

आता शंकाच उरली नाही. ही बाई सुनेला काहीतरी चारून राह्यली, काही ठेवून जाते तिच्यासाठी. शकुबाई डोमाजीकडे गेली. तो गावचा जाणकार, करणी ओळखणारा. त्यानं सुपात तांदूळ टाकले, बराच वेळ पाहिले. "उंबरठ्याच्या आतलंच हाय," तो म्हणाला.

रविवारी सकाळी डोमाजी चारचौघांना घेऊन दारात आला. शकुबाई मागं उभी राहिली. मॅडम चहा ठेवत होत्या. इतकी माणसं पाहून त्यांनी गॅस बंद केला.

"हे काय करून राह्यल्या तुम्ही घरात?" डोमाजीनं कोनाड्याकडे बोट केलं.

मॅडमचा आवाज कापत होता, तरी त्यांनी सांगितलं. "हे जुन्या रोमन लोकांचे घरचे देव आहेत, मीच मातीचे केलेत. कॉलेजात प्रदर्शन आहे, त्यात पोरांना त्यांची पूजा करून दाखवायची आहे. त्याचा सराव करत होते. ते लोक डोकं झाकून, लॅटिन मंत्र म्हणत पूजा करायचे, जेवणातला घास आधी चुलीतल्या आगीला द्यायचे. आणि बळी दिलेल्या मेंढीचं काळीज, म्हणजे यकृत, पाहून त्यांचे जाणकार देवाचा कौल सांगायचे. तसं पाहायला शिकवण्यासाठी असे नमुने असायचे."

दारातल्या एकानं डोमाजीकडे चोरून पाहिलं. डोमाजीनं ताटली उचलून उजेडात धरली. काळजाची एक कड तुटली होती आणि तिथं दातांचे व्रण स्पष्ट दिसत होते.

"मंग हे कोणं खाल्लं?"

मॅडम गोंधळल्या. "मला वाटलं, उंदीर कुरतडतो."

कोणीतरी मागून ओरडलं, "फोडून टाका ते! बाईले काढा बाहेर!"

"म्या खाल्लं."

वैष्णवी मधल्या दारात उभी होती, चौकट धरून. "मातीचा वास आला का मले राहवत नाही. आत्याबाई शेतात, मॅडम कॉलेजात गेल्या का इथं येतो. मूर्तीची उरलेली माती संपली, मंग ते..." पुढं तिला रडू फुटलं.

डोमाजी मागं हटला नाही. "पण माती खायची बुद्धी तिले कोणं देली?"

सगळे शकुबाईकडे पाहू लागले. तिनंच बोलावलं होतं त्यांना. ती वैष्णवीजवळ जाऊन उभी राहिली.

"पोटुशा बाईले ते बुद्धी कोणी देत नसते, डोमाजी," ती शेवटी म्हणाली. "अमरच्या वेळी म्या चुलीचं पोपडं खरडून खाल्लं. सासूच्या चोरून. चुकलं माहं. जा तुम्ही आता."

माणसं कुरकुरत गेली. त्याच दिवशी मॅडम दोघींना वणीच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरीण म्हणाली, अंगात रक्त फार कमी, त्यामुळेच मातीची ओढ. त्यात पोटात जंत. गोळ्या चालू झाल्या आणि वैष्णवीच्या ओठांवर हळूहळू रंग आला.

प्रदर्शन झालं आणि मॅडमनी वणीतच खोली पाहिली.

"राहा ना जी," शकुबाई बॅग धरून म्हणाली.

"तुमच्यावर राग नाही, काकू. पण दार वाजलं की अजून छातीत धडधडतं."

एसटी गेली. नळावर शेजारीण सोनीबाई भेटली. शकुबाईनं तिला सगळं सांगितलं, आपली शंका कशी खोटी निघाली तेही.

सोनीबाईनं पितळी गुंड पाण्यानं भरून डोक्यावर घेतला. "असंन. पण बाई खरी होती तर मंग पळाली काहून?"

शकुबाईनं आपली घागर खाली ठेवली, सोनीबाईची वाट अडवली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.